आमच्या उपासनेत रडायलाही जागा असू द्या

खानदेशातल्या ख्रिस्ती मंडळ्यांचे (चर्चचे) आदरणीय पाळकसाहेब, पंच मंडळी आणि वर्शिप टीममधल्या माझ्या मुलामुलींनो,

सप्रेम जय ख्रिस्त.

या उन्हाळ्यात सुट्टी आणि मेळाव्यांच्या निमित्ताने नवापूर, साक्री, धुळे, भुसावळ असं फिरणं झालं आणि जिथे गेले तिथे एकच वाद ऐकू आला. ड्रमसेट ठेवायचा की काढायचा. टाळ्या वाजवायच्या की नाही. ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतपुस्तकातली गीतं किती घ्यायची आणि नवी कोरस किती. एका मंडळीत पंचांनी ठराव करून कीबोर्डला कुलूप लावलं आहे. दुसऱ्या एका ठिकाणी तरुण संघ रविवारी संध्याकाळी वेगळा जमतो आणि सकाळच्या उपासनेला त्यांच्यातलं कुणीच येत नाही. आई सकाळी, मुलगा संध्याकाळी. एकाच घरातली माणसं एकाच देवासमोर एकत्र उभी राहत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

मी जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे आणि लग्न होऊन या भागात आले तेव्हापासून मंडळीत पेटी वाजवते आहे. उपासनेच्या वेळी पेटीवर बसलेल्या माणसाला सगळ्यांचे चेहरे दिसतात. पाळकसाहेबांचं लक्ष वचनाकडे असतं, लोकांचं पाळकसाहेबांकडे. पेटीवाल्याला मात्र गीताच्या प्रत्येक कडव्याला कोण गातंय, कोण नुसतं उभं आहे, कोणाचे ओठ मिटलेले आहेत हे दिसत राहतं. त्या जागेवरून जे दिसतं ते तुम्हा सर्वांपुढे मांडायचं म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

वाद्यांचा वाद नंतर घेऊ. आधी त्या मिटलेल्या ओठांबद्दल बोलायचं आहे.

आपल्याकडे उपासनेला कोण येतं? दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड ट्रकमध्ये घालून ऊसतोडीला गुजरातकडे गेलेली आणि पावसाच्या आधी परतलेली कुटुंबं येतात. ज्यांची जमीन उकाई धरणाखाली गेली त्यांची मुलं-नातवंडं येतात. सिकलसेल या रक्ताच्या आजाराने हाडं ठणकत असलेली पोरं येतात. हा आजार आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या भिल्ल, पावरा, मावची, कोकणी घरांना नवा नाही. पलीकडे जळगाव-धुळ्याकडे कपाशी हातची गेलेली, कर्ज फिटत नसलेली माणसं येतात. नवरा दारूत बुडालेल्या बायका येतात. आणि ही माणसं आत येऊन बसली की पहिलं वाक्य ऐकतात: सगळ्यांनी हात वर करा, चेहऱ्यावर हसू आणा, शेजाऱ्याला सांगा की आज माझा आनंदाचा दिवस आहे.

पुढे अर्धा-पाऊण तास गाणी चालतात आणि सगळी एकाच भावनेची असतात. विजय, आनंद, सामर्थ्य, आशीर्वाद. ती गाणी खोटी आहेत असं मी म्हणत नाही. मीही गाते, मनापासून गाते. पण ज्या बाईने त्याच आठवड्यात पोटचं लेकरू पुरलं आहे तिने त्या अर्ध्या तासात काय करायचं? मी पाहिलं आहे ती काय करते. पदर डोक्यावर ओढते, मान खाली घालते आणि टाळ्यांच्या वेळी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवते. आपल्या दुःखामुळे इतरांच्या स्तुतीत व्यत्यय येऊ नये म्हणून ती देवाच्या घरात देवापासूनच आपलं दुःख लपवते.

एका मेळाव्यात सिकलसेल असलेल्या मुलाची आई पुढे प्रार्थनेला आली. मंचावरून तिला सर्वांसमोर सांगितलं गेलं की बाई, तू रडतेस म्हणजे तुझा विश्वास अजून डळमळीत आहे. आधी आनंद कर, मग उत्तर मिळेल. ती गप्प झाली आणि त्यानंतर ती कुठल्याच मेळाव्याला आली नाही. ज्यांनी हे सांगितलं त्यांचा हेतू वाईट नसेल. पण ती शिकवण बायबलची नाही, आणि ती कशी नाही हे सांगणं मला माझं कर्तव्य वाटतं.

स्तोत्रसंहिता ही आपली पहिली गीतांची वही. तिच्यातल्या १५० स्तोत्रांपैकी तिसऱ्या हिश्शाच्या आसपास स्तोत्रं विलापाची आहेत. ‘परमेश्वरा, किती काळ?’ असं विचारणारी. तेरावं स्तोत्र उघडा, बाविसावं उघडा, बेचाळिसावं उघडा. बहुतेक विलाप शेवटी कुठेतरी भरवशाकडे वळतात. पण अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तेवढंही वळत नाही, ते अंधारातच संपतं. आणि तरी ते काढून टाकावं असं कुणाला वाटलं नाही. मंदिराच्या गायकांनी ते गायलं, त्यांच्या पोरांना शिकवलं, लिहून ठेवलं. ज्याला उत्तर मिळालेलं नाही अशा माणसाचं गाणंसुद्धा देवाच्या पुस्तकात आहे, आणि आपल्या मंडळीच्या वहीत नाही.

प्रभू येशू वधस्तंभावर होता तेव्हा त्याच्या ओठांवर बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आली. ते विलापगीत त्याला पाठ होतं. लहानपणी सभास्थानात, घरात, सणाला ऐकून ऐकून ते त्याच्या अंगात मुरलं होतं, म्हणून त्या घटकेला ते आठवलं. आपल्या मुलांच्या अंगात आपण काय मुरवतो आहोत? त्यांच्यावर तशी वेळ आली तर त्यांना कुठलं गाणं आठवेल?

आणि येशूचा मित्र लाजार याची कबर. मला योहानाच्या अकराव्या अध्यायाबद्दल बोलल्यावाचून राहवत नाही. आपण काही क्षणांत याला उठवणार हे येशूला ठाऊक होतं. तरी तो रडला. लाजाराच्या बहिणींना, मार्था आणि मरीयेला, त्याने ‘रडू नका, आता चमत्कार होणार आहे’ असं म्हटलं नाही. पुनरुत्थानाची खात्री असलेला माणूसही मित्राच्या मरणावर रडतो, हे त्याने करून दाखवलं. आणि आपण मातीला गेल्यावर काय म्हणतो? ‘रडू नका हो, तो प्रभूकडे गेला.’ कानाला लागून म्हणतो, दटावून म्हणतो. आपल्या खानदेशातल्या बाया मयतीला हेल काढून रडतात. त्या रडण्यात गेलेल्याची सगळी कहाणी येते: त्याने कुठली शेतं नांगरली, कुणाला अर्धी भाकर दिली, कुणाशी भांडण अर्धं राहिलं. ऐकणाऱ्या बायांनाही आपापले गेलेले आठवतात आणि साऱ्या मिळून रडतात. ख्रिस्ती झालो म्हणून ते रडणंही सोडलं पाहिजे, असं कुणी ठरवलं? रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पौलाने रडणाऱ्यांबरोबर रडायला सांगितलं आहे.

आता पंच मंडळी, थोडं तुमच्याशी.

तुम्हाला भावनेची भीती वाटते. त्या भीतीला कारण आहे, हे मला मान्य आहे. ज्यांनी आपल्या आजा-पणज्यांना वचन सांगितलं ते मिशनरी, पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे आणि भुसावळ-जळगावकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे, शिस्तीचे लोक होते. आपली पहिली पिढी जेव्हा बाप्तिस्मा घेऊन बाहेर पडली तेव्हा तिने ढोल खाली ठेवला, पावरी खाली ठेवली. त्या वाद्यांवर अंगात यायचं, डोंगऱ्या देवाच्या रात्री त्यांच्या तालावर जागायच्या. त्यांच्यासाठी तो ताल म्हणजे जुन्या भयाचा ताल होता. तो सोडायला धैर्य लागलं असणार. त्यांचा तो निर्णय मी आदराने बघते. म्हणूनच आज ड्रमवर पोरं नाचू लागली की जुन्या माणसांच्या पोटात गोळा येतो, हे मला समजतं.

पण भावना म्हटली की तिला दाबायचं, हा त्यावरचा उपाय नाही. हा उपाय चर्चच्या इतिहासात करून झालेला आहे. सोळाव्या शतकातला झुरिकचा धर्मसुधारक झ्विंग्ली स्वतः उत्तम वादक होता, अनेक वाद्यं वाजवायचा. त्याने उपासनेतलं संगीतच बंद केलं, कारण माणसाचं मन वचनावरून संगीतावर जातं. झुरिकच्या चर्चमध्ये गाणं परत यायला १५९८ साल उजाडलं. दोन-तीन पिढ्या मंडळीने देवासमोर तोंड उघडून गायलंच नाही. त्याआधी अकराशे वर्षांपूर्वी ऑगस्टिनलाही हीच काळजी होती. गीतातल्या अर्थापेक्षा गळ्याने आपल्याला जास्त हलवलं तर ते पाप आहे, असं त्याने लिहून ठेवलं. पण त्याच ठिकाणी त्याने हेही लिहिलं की नव्याने विश्वासात आलो तेव्हा मंडळीचं गाणं ऐकून मी रडलो होतो, आणि म्हणून गाणं चर्चमध्ये राहावं असंच मला वाटतं. इतका मोठा विद्वान, पण त्याने आपले अश्रू नाकारले नाहीत.

आणि आपल्या मराठी मुलखातलंच बघा. जून १९०५ मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जे झालं ते तुम्हाला माहीत आहे. मुली मोठमोठ्याने रडत पापांची कबुली देऊ लागल्या, तासन्‌तास प्रार्थना करू लागल्या. वर्तमानपत्रांतून टीका झाली, काही मिशनरीही नाराज झाले. पण त्या मुली कोण होत्या? १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळांतून रमाबाईंनी वाचवून आणलेल्या पोरी त्यांत कितीतरी होत्या. त्यांनी आईबाप भुकेने मरताना बघितले होते. त्यांच्या पोटात किती रडणं साठलं असेल! त्यांना कुणी लाउडस्पीकरवरून रडायला लावलं नव्हतं. आणि पुढे काय झालं तेही पाहा. त्यांतल्या कितीतरी मुली टोळ्या करून आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला गेल्या, आणि मुक्तीतलं शेत, छापखाना, विणकाम सगळं चालू राहिलं. रडून झाल्यावर त्या उठून कामाला लागल्या. त्या भावनेवर रमाबाईंनी कुलूप घातलं असतं तर?

जुनी गीतं शुद्ध आणि नवी बाजारू, असंही तुम्ही म्हणता. ज्या गीतांना आज तुम्ही जुनी म्हणता त्यांतली किती तरी रेव्हरंड ना. वा. टिळकांची आहेत. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या माणसाने अभंग, ओवी, पदं ख्रिस्ताच्या चरणी वाहिली, कारण इंग्रजी चालीवर मोडतोड करून बसवलेली गीतं मराठी माणसाच्या काळजाला भिडत नव्हती. त्या काळी ते नवंच होतं. (आपल्या धरणगावचे बालकवी टिळकांच्याच घरी अहमदनगरला राहून वाढले, हे मी मुलांना वर्गात नेहमी सांगायची. खानदेशाचं आणि त्या घराचं असं एक नातं आहे.) टिळकांनी भावनेला घाबरून गीत लिहिलं नाही. त्यांच्या गीतांत आईला हाक मारावी तशी देवाला हाक आहे. मग तुम्ही तीच गीतं चेहऱ्यावर काही न दिसू देता, हजेरी घेतल्यासारखी का म्हणायला लावता?

वर्शिप टीममधल्या मुलांनो, आता तुमच्याकडे येते. तुमच्यावर माझा जीव आहे. पगार नाही, मानधन नाही, कामावरून थेट सरावाला येता, वर्गणी काढून कीबोर्ड घेता. म्हणून स्पष्ट बोलते, राग मानू नका.

संगीत माणसाच्या शरीरावर काम करतं. २०१३ साली स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या अभ्यासकांनी एकत्र गाणाऱ्या लोकांच्या हृदयाचे ठोके मोजले. संथ गीतात सगळे एकाच ठिकाणी श्वास घेतात, त्यामुळे ठोकेही एकमेकांबरोबर वाढू-कमी होऊ लागतात, असं त्यांना दिसलं. ही देवाने शरीराला दिलेली देणगी आहे, त्यात वाईट काही नाही. एकत्र गाण्याने मंडळी जोडली जाते ती अशी. पण हे ठोके चर्चमध्ये जसे जुळतात तसे दुसरीकडेही जुळतात. लय हळूहळू वाढवली, शेवटच्या कडव्याला सूर एक पट्टी वर नेला, तीच ओळ दहा वेळा म्हणवली, मध्येच ड्रम थांबवून नुसता कीबोर्डचा लांब सूर धरला की अंगावर काटा येतो. लग्नातल्या बँडवाल्यालाही हे ठाऊक असतं. म्हणून अंगावर काटा आला म्हणजे पवित्र आत्मा उतरला, असं तुम्ही माइकवरून जाहीर करू नका. उतरला असेल, नसेलही. ते काट्यावरून कळत नाही.

शौल राजाची गोष्ट काढा. १ शमुवेल, सोळावा अध्याय. दावीद वीणा वाजवी आणि शौलाला बरं वाटे, दुरात्मा दूर होई. आपण ही गोष्ट संगीताच्या सामर्थ्याची म्हणून नेहमी सांगतो. पण दोन अध्याय पुढे जा. दावीद तसाच वाजवतो आहे, रोजच्यासारखा, आणि त्याच शौलाने त्याच्यावर भाला फेकला. तेच संगीत, तोच वादक, तोच श्रोता. संगीताने शौलाचं मन शांत होई, पण शौलाचा मत्सर गेला नाही. मनातलं वैर सोडायचं की नाही हे शौलाला स्वतःलाच ठरवायचं होतं, आणि त्याने ते ठरवलं नाही. आपल्याकडेही मेळाव्यात ढसाढसा रडून आलेला माणूस सोमवारी भावाच्या बांधावर कुऱ्हाड घेऊन उभा राहतो, हे तुम्ही आम्ही सर्वांनी पाहिलं आहे. ते रडणं खोटं होतं असं नाही. ते रडणं कुणी पुढे नेलं नाही.

म्हणून माझी एक विनंती फार मनापासून आहे. पाळकसाहेब जेव्हा पश्चात्तापाचं आवाहन करतात, पुढे या म्हणतात, तेव्हा कीबोर्ड बंद ठेवा. अजिबात वाजवू नका. माणूस उठून पुढे आला तर तो वचनाने आला की सुराने आला, याची त्याला स्वतःला खात्री पटू द्या. ती शांतता तुम्हाला जड जाईल, पाळकांनाही जड जाईल. जाऊ द्या. होरेब डोंगरावर एलीया संदेष्ट्याला वारा, भूकंप, अग्नी यांच्यानंतर जो मंद आवाज ऐकू आला तो ऐकायला आधी बाकीचं सगळं थांबावं लागलं होतं.

दुसरी गोष्ट आवाजाची. वीस बाय तीसच्या चर्चमध्ये लग्नाच्या मंडपाचे स्पीकर लावले की म्हातारी माणसं कानात बोटं घालतात, तान्ही पोरं रडतात, आणि सर्वांत वाईट म्हणजे लोकांना स्वतःचा आणि शेजाऱ्याचा आवाज ऐकू येत नाही. मग ते गायचं सोडतात. पेटीवरून मला हे स्पष्ट दिसतं: आवाज वाढला की ओठ मिटतात. मंचावरचे चार जण गातात आणि दोनशे जण बघतात. दावीदाने मंदिरासाठी गायक नेमले ते गाण्यात तरबेज असे दोनशे अठ्ठ्याऐंशी होते, १ इतिहास २५ मध्ये आकडा दिलेला आहे. पण स्तोत्रांतून पुन्हा पुन्हा गायला सांगितलं आहे ते सगळ्या लोकांना. स्पीकर इतकाच ठेवा की मागच्या ओळीतल्या आजीचा आवाज पुढच्या ओळीत पोचेल.

विलापाकडे परत येते, कारण माझं खरं म्हणणं तेच आहे.

विलाप म्हणजे भावनेला मोकाट सोडणं, असं पंचांना वाटेल. विलापगीत नावाचं पुस्तक उघडून बघा. इ. स. पूर्व ५८६ मध्ये यरुशलेम जळालं, त्या राखेतलं ते गाणं. लेकरं भुकेने रस्त्यात मरत आहेत असं त्यात आहे. आणि तरी त्याची रचना किती काटेकोर आहे! पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायात बावीस-बावीस ओव्या, प्रत्येक ओवी हिब्रू वर्णमालेतल्या पुढच्या अक्षराने सुरू होणारी. तिसऱ्या अध्यायात सहासष्ट, एकेका अक्षराच्या तीन-तीन. दुःख ओथंबून वाहत होतं आणि तरी कुणीतरी बसून अक्षर अक्षर जुळवलं. भावना आणि शिस्त यांचं वैर आहे असं ज्यांना वाटतं त्यांना मी हे पुस्तक दाखवते. भावनेला धरून ठेवायला, ती सर्वांना एकत्र म्हणता यावी म्हणून तिला आकार द्यायलाच गीत लागतं. एकटी बाई घरात उशीत तोंड खुपसून रडते तेव्हा ती एकटी असते. तेच दुःख स्तोत्र होऊन मंडळीच्या तोंडी आलं की ती एकटी राहत नाही.

आणि हे गीत आपल्या बोलीत हवं. प्रमाण मराठीत माणूस विचार करतो, पण दुखलं-खुपलं की ज्याची-त्याची बोली बाहेर येते. कोपऱ्यात बसून ‘देवा, मनी पोरले बरं कर’ म्हणणारी आई अहिराणीतच म्हणते. मावची, कोकणी, पावरा घरांत तसंच. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावर बसून माहेरची आठवण काढणारी गाणी आपल्या आयांनी गायली. त्यांत किती करुण चाली आहेत! त्या चाली काही कुठल्या देवाच्या नाहीत, माहेरापासून तुटलेल्या पोरीच्या आहेत. बेचाळिसावं स्तोत्र तसंच आहे: देवाच्या घरापासून दूर पडलेला माणूस तिथली मिरवणूक आठवून रडतो. त्या चालीवर ते स्तोत्र बसवून बघा. वर्शिप टीमच्या मुलांनो, तुमच्यात चाली बांधणारे आहेत, मला माहीत आहे. मुंबईहून आलेलं गाणं दुसऱ्याच दिवशी बसवता तुम्ही. मग आपल्या आजीच्या गळ्यातली चाल का नाही बसवत?

एज्राच्या तिसऱ्या अध्यायात एक प्रसंग आहे. बंदिवासातून परतलेल्या लोकांनी मंदिराचा नवा पाया घातला. तरुणांनी आनंदाने जयघोष केला. ज्या म्हाताऱ्यांनी पहिलं मंदिर पाहिलं होतं ते मोठ्याने रडू लागले. आणि तिथे लिहिलं आहे की आनंदाचा आवाज कोणता आणि रडण्याचा कोणता हे लोकांना ओळखू येईना; तो आवाज दूरवर ऐकू गेला. कुणी म्हाताऱ्यांना गप्प केलं नाही. कुणी तरुणांना हळू म्हटलं नाही. एकाच पायावर, एकाच वेळी, दोन्ही आवाज. सकाळची आणि संध्याकाळची उपासना वेगळी करणाऱ्या मंडळीच्या पंचांनी आणि तरुणांनी एकत्र बसून हा अध्याय वाचावा, एवढं मी हात जोडून सांगते. आणि जिथे कीबोर्डला कुलूप आहे तिथल्या पंचांनीही असंच एकत्र बसून ते काढावं.

मला काय हवं आहे ते आता नेमकं सांगते. महिन्यातून एका रविवारी, प्रभुभोजनाच्या उपासनेत, एक विलापाचं स्तोत्र गायलं जावं. वाचून नको, गायलं जावं. त्यानंतर काही क्षण कुणी बोलू नये, वाजवू नये. ज्यांच्या घरात त्या महिन्यात मरण झालं, आजार आला, कर्जापायी शेत गेलं, त्यांची नावं त्यांना विचारून प्रार्थनेत घ्यावीत. कुणी रडलं तर शेजारच्याने फक्त जवळ बसावं. हात वर करायला, हसायला, शेजाऱ्याला काही सांगायला माइकवरून कुणावर सक्ती होऊ नये. ज्याला आनंद झाला आहे त्याने उड्या माराव्यात. दावीद देवाच्या कराराच्या कोशापुढे नाचला तेव्हा त्याला त्याच्या बायकोने, मीखलने, हिणवलं, आणि शास्त्राने बाजू दावीदाचीच घेतली. आणि मातीच्या वेळी बायांना दटावणं आजपासून बंद व्हावं. हे शेवटचं मी पाळकसाहेबांनी स्वतः मंडळीत जाहीर करावं असं म्हणते, कारण दटावणारे बहुतेक आम्ही वडीलधारेच असतो.

पंचांनी यासाठी थोडा पैसाही बाजूला काढावा. चर्चला फरशी बसवायला पैसा निघतो, कंपाउंडला निघतो. दोन मुलामुलींना पेटी-तबला नीट शिकवायला का निघू नये? स्वरज्ञान असलेला वादक लोकांना ओढून नेत नाही, त्यांच्या गळ्याला जमेल अशी पट्टी धरतो.

दिवाळीनंतर ऊसतोडीची कुटुंबं निघतील. निघायच्या आधीच्या रविवारी आमच्या मंडळीत त्यांच्यासाठी अशी उपासना घ्यायची असं आम्ही महिला मंडळाने ठरवलं आहे. पाळकसाहेबांनी होकार दिला आहे. बेचाळिसावं आणि एकशे सदतिसावं स्तोत्र आखाजीच्या चालीवर बसवायचं काम दोन मुली करत आहेत आणि ढोलकीला वर्शिप टीममधलाच एक मुलगा बसणार आहे. आसपासच्या मंडळ्यांनी यावं. ज्यांना आपल्या गावी असं काही करायचं आहे आणि वाजवायला माणूस नाही, त्यांनी पाळकांमार्फत निरोप पाठवावा. नवापूर ते पिंपळनेरपर्यंत एसटीने जिथे पोचता येईल तिथे मी येईन. पेटी तुमची असली तर बरं, नसली तर माझी घेऊन येईन.

प्रभूमध्ये आपली बहीण,
एक निवृत्त शिक्षिका व मंडळीतली पेटीवादक
नवापूर तालुका, जि. नंदुरबार